‘बोअर गेलाय’ सांगून २७,५५० रुपये उकळले. जुनी बुलेट असणाऱ्यांनी वाचाच

‘बोअर गेलाय’, म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, असं सांगून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून २७,५५० रुपये घेतले, तेही न केलेल्या कामाचे. वर गाडीचा मूळ मिकार्ब कार्बोरेटर काढून घेतला आणि डुप्लिकेट लावून दिला. चारचौघांत सांगायची लाज वाटते. पण गप्प बसलो तर उद्या आणखी कुणीतरी त्याच दारातून गाडी आत ढकलेल, म्हणून लिहितोय.

गाडी वडिलांची. १९८९ची बुलेट स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न इंजिन, फक्त किक. दुखणं असं की सकाळी थंड इंजिनावर व्यवस्थित चालू व्हायची. थोडं लांब जाऊन बंद केली की मग घाम निघेपर्यंत किका मारा, ढिम्म. इंजिन गार झालं की पुन्हा चालू. पॉइंटवाली गाडी (जिची ठिणगी पॉइंट नावाच्या छोट्या स्विचवर चालते) वापरणाऱ्यांना इथेच कळलं असेल. मलाही कंडेन्सरचीच, म्हणजे त्या पॉइंटला जोडलेल्या छोट्या विजेच्या डबीचीच, शंका होती आणि मी ती पहिल्याच वाक्यात बोलून दाखवली. तो म्हणाला, “कंडेन्सर, पॉइंट आम्ही सगळ्यात आधी बघतो साहेब. हे दुखणं मोठं आहे.”

आणि मग त्याने जे केलं, ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. गाडी मेन स्टँडवर घेतली, स्वतः डाव्या बाजूला उभा राहिला, हात हँडलवर, आणि मला म्हणाला, “तुम्हीच किक दाबून बघा.” मी दाबली. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. “बघा, कॉम्प्रेशनच नाही. बोअर गेलाय.” कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, तो असला की किक जड लागते. त्याच्या डाव्या हाताची बोटं कुठे होती? क्लचखालच्या डीकॉम्प्रेसरच्या लिव्हरवर! तो लिव्हर ओढला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलला जातो, हवा निघून जाते, आणि नव्या कोऱ्या इंजिनाची किकसुद्धा अशीच पडते. सायलेन्सरमधून बारीक फुस्स झालेलं मी ऐकलं होतं. तोच क्षण होता. आदल्याच दिवशी भर रस्त्यात त्याच किकवर मी पूर्ण वजन टाकून उभा होतो आणि ती खाली जात नव्हती. पण समोरचा माणूस हसतमुखाने बोलत असताना त्याच्या बोटांकडे कोण बघतं? भिंतीवर चकाचक रिस्टोअर केलेल्या गाड्यांचे फोटो, दोन पोरं हाताखाली, दारात गाड्यांची रांग. संशय यावा असं तिथे काही नव्हतं.

बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडे मिळाले. बोअर-पिस्टन ८,४००, क्रँक प्रेसिंग आणि कनेक्टिंग रॉड किट ७,६००, कॉईल ३,२५०, कार्बोरेटर सर्व्हिस १,८००, लेबर ६,५००. सही नाही, शिक्का नाही. जुना पिस्टन मागितला, तर “भंगारवाला घेऊन गेला.” मंडळी, जुना पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. बोअर खरंच केला असेल तर लेथवाल्याचं बिल असतं, तेही मागा.

गाडी घरी आली आणि आठवडाभरात तेच दुखणं. मग तालुक्याच्या गावी एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी पॉइंटचं झाकण काढलं, इंजिन फिरवून दाखवलं. पॉइंटच्या मध्ये निळी ठिणगी तडतडत होती आणि दोन्ही तोंडं काळी पडून खड्डे पडलेले. कंडेन्सर गरम झाला की दम सोडत होता. नवा कंडेन्सर १८० रुपये, पॉइंट घासून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये गॅप लावायचे १५० रुपये. गाडी तापवून बंद केली आणि पहिल्या किकला चालू!

मी हट्टाने हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडायला लावलं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर. खरवडल्यावर खाली छाप निघाला, ‘एसटीडी’, म्हणजे स्टँडर्ड, मूळ मापाचा. बोअर वाढवला असता तर ओव्हरसाइज पिस्टन लागला असता. हा तर कंपनीतून आलेलाच पिस्टन. क्रँककेसच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचा तेलकट मळ जसाच्या तसा. क्रँक बाहेर काढायला इंजिन फोडावं लागतं, आणि इथे तो सांधा कुणी उघडलेलाच नव्हता.

पोलीस ठाण्यात गेलो. “हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, ग्राहक मंचात जा.” अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. अहो, दुरुस्तीसाठी विश्वासाने ताब्यात दिलेल्या गाडीतला पार्ट काढून घेतला, यात आपसातलं काय आहे? भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ (गुन्हेगारी विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक) मग कशासाठी आहेत? दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा एकाने विचारलं, “एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च केलाच कशाला?” म्हणजे चोर बाजूला राहिला आणि जाब मला! आरटीओत सांगितलं की गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे सामसूम. जिल्हा ग्राहक आयोगातल्या कारकुनाने पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे त्याला मी सांगायचं! शेवटी यूपीआयच्या पावत्या, वहीचा कागद आणि पिस्टनचे फोटो जोडून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पोलीस अर्ज घेत नसतील तर तो पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मी पाठवलाय.

पैसे रोख देऊ नका. गाडी सोडण्याआधी कार्बोरेटर, कॉईल, मीटर यांचे जवळून फोटो काढा, आतल्या बाजूला रंगाचा ठिपका द्या. किक कुणी दाबायला सांगितली तर आधी त्याला हँडलवरून हात काढायला लावा. कॉम्प्रेशनची शंका खरीच असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा किक दाबा. जड झाली तर पिस्टनच्या रिंगा, तशीच राहिली तर व्हॉल्व्ह बघायला सांगा. जास्तीचा कंडेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवा.

आणि ‘बोअर गेलाय’ म्हणून ज्यांची गाडी आत्ता कुणाकडे पडून आहे, त्यांनी उद्याची वाट बघू नका. आजच जा आणि हेड आपल्या डोळ्यांसमोर उघडायला लावा.