उत्पन्नाचे भौतिकशास्त्र: विश्रामबागेतील एका कार्यशाळेविषयी

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एक खासगी शिकवणी संस्था सांख्यिकीय भौतिकशास्त्राच्या पद्धतींनी कौटुंबिक उत्पन्नाच्या वितरणाचे प्रारूप कसे मांडावे, याची कार्यशाळा घेते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ती जरूर करावी. मात्र तिचा उत्तरार्ध कच्चा आहे.

सर्वांना सारखी रक्कम देऊन कोणत्याही दोघांमध्ये देवाणघेवाण घडवणारा छोटा पायथॉन प्रोग्राम प्रथम आपल्याकडून लिहून घेतला जातो. एकूण पैसा कायम ठेवला, की समान वाटपापासून निघालेली व्यवस्था बोल्ट्झमन-गिब्ज यांच्या घातांकी वितरणावर, म्हणजे रक्कम वाढत जाईल तशी ती बाळगणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटत जाणाऱ्या वाटपावर, येऊन स्थिरावते. वायूच्या रेणूंमधील ऊर्जेचे वाटपही असेच होते. अमेरिकेतील बहुसंख्यांचे उत्पन्न घातांकी असते आणि वरच्या सुमारे 3 टक्क्यांचे पारेटोच्या घातनियमाने (यात मोठ्या उत्पन्नांची संख्या त्याहून सावकाश घटते) चालते, हे भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर याकोवेंको यांचे निष्कर्ष त्यानंतर येतात. सर्वांत कसदार भाग कुटुंबाचा आहे. एकट्या मिळवत्याच्या घातांकी उत्पन्नाचा गिनी गुणांक (विषमतेचे माप; शून्य म्हणजे पूर्ण समानता) 0.5 येतो, तर दोघांची उत्पन्ने परस्परांपासून स्वतंत्र मानून त्यांची बेरीज केल्यास तो 0.375 वर उतरतो. हे गणित फळ्यावर एकही पायरी न गाळता सोडवले जाते.

सांगली जिल्ह्याकडे वळताच ही शिस्त सुटते. वाळवा तालुक्यात बाप-लेक एकाच उसाच्या बिलावर अवलंबून असतील, तर ‘परस्परांपासून स्वतंत्र’ हे गृहीतकच कोसळते. अवकाळीच्या वर्षी द्राक्षबागायतदाराचे निव्वळ उत्पन्न उणे होऊ शकते, आणि घातांकी वितरण तर शून्यापासून सुरू होते. अमेरिकेतील अभ्यासांना प्राप्तिकर विवरणपत्रांचा आधार होता. आपल्याकडे शेती उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची परंपरा प्रामुख्याने उपभोग खर्च मोजण्याची आहे. वर्गात मात्र खर्चाचे आकडेच उत्पन्न म्हणून वापरले गेले. श्रीमंत घरे उत्पन्नाचा मोठा वाटा शिल्लक टाकतात, त्यामुळे खर्चातील विषमता सहसा उत्पन्नातील विषमतेपेक्षा सौम्य दिसते, याची सूचनाही कोणी दिली नाही. (भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याची गरज सर्वाधिक होती.)

अशा प्रारूपांत पैसा केवळ हात बदलतो, उत्पादन होतच नाही, हा गॅलेगाटी, कीन, लक्स व ऑर्मेरॉड या अर्थतज्ज्ञांचा 2006 मधील आक्षेप अभ्यासक्रमात नाही. चक्रवर्ती व चक्रबर्ती यांचे बचतीचे प्रारूपही, ज्यात प्रत्येक जण देवाणघेवाणीपूर्वी रकमेचा काही वाटा राखून ठेवतो, एका पारदर्शिकेत आटोपते. बचतीचा वाटा बदलून ते चालवून पाहायला हवे होते. सराव फायली मिळतात आणि मराठी टिपणे स्वच्छ आहेत. शुल्क भरण्यापूर्वी भारतीय मानव विकास सर्वेक्षणातील उत्पन्नाची प्रत्यक्ष आकडेवारी वापरणार का, एवढे विचारून घ्यावे.