डिश लावून अकरा महिने झाले: चॅनल गेलं, बिल तेवढंच

आधीच सांगून टाकते, पिक्चर क्वालिटीबद्दल माझी काही तक्रार नाही. रिमोट चांगला, रेकॉर्डिंग चांगलं, धो धो पावसात पाच-दहा मिनिटं चित्र फुटतं आणि जानेवारीत एकदा डिशवर ओला बर्फ साचला तेव्हा नवऱ्याला लांब दांड्याचा झाडू घेऊन बाहेर जावं लागलं, बस एवढंच. तक्रार आहे ती लोकल चॅनलची, म्हणजे आमच्या भागातलं टीव्ही स्टेशन हवेतून फुकट सोडतं त्या चॅनलची. घेताना ज्या गोष्टीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं तिनेच वर्षभर डोकं खाल्लं.

आम्ही राहतो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, पूर्वेकडच्या डोंगरात. इंटरनेट आहे, पण संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की नुसतं गोल गोल फिरत बसतं, केबल आमच्या रस्त्यापर्यंत आलेली नाही, आणि सासू-सासरे कराडहून सहा महिन्यांसाठी येणार होते, मग घेतलं सॅटेलाइट, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि इथे सॅटेलाइटवाल्या मोठ्या कंपन्या दोनच, तेव्हा अंदाज बांधत बसू नका, दोघींची हीच कथा आहे.

बाबा (म्हणजे सासरे) आले आणि त्यांना इथल्या लोकल बातम्यांचं वेडच लागलं. बातम्यांचं नाही खरं तर, हवामानाचं. सकाळी सहाला चहा घेऊन बसायचे, नकाशावर ढग सरकताना बघायचे आणि मला सांगायचे, "अगं, अर्ध्या तासात येतोय बघ, कपडे बाहेर घालू नकोस." आणि यायचा! आयुष्यभर पावसाची वाट बघत शेती केलेल्या माणसाला हे म्हणजे चमत्कारच. नवऱ्याचं त्याच चॅनलवर रविवारचं फुटबॉल. आई मात्र मराठी पॅक सोडून कुठे जात नाहीत.

सप्टेंबरमध्ये त्या चॅनलवर खाली पट्टी फिरायला लागली. मथितार्थ असा की तुमची सॅटेलाइट कंपनी हे चॅनल काढून टाकायच्या बेतात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करून जाब विचारा. आणि सॅटेलाइट कंपनी तिच्या बाजूने सांगणार की स्टेशनचा मालक अव्वाच्या सव्वा पैसे मागतोय, आम्ही तुमच्यासाठी लढतोय. दोघंही माझ्यासाठीच लढत होते म्हणे. बाबांनी दोन दिवस हे सगळं बघितलं आणि विचारलं, "पण पैसे कोण कोणाला देतंय नक्की?"

प्रश्न साधा वाटतो पण बाबांचे चुलत भाऊ नव्वदच्या दशकात कराडला केबल चालवायचे, त्यामुळे बाबांच्या डोक्यात हिशोब पक्का उलटा होता. आपल्याकडे कॅरेज फी म्हणजे चॅनलने केबलवाल्याला किंवा डीटीएचला द्यायचे पैसे, आम्हाला तुमच्या यादीत घ्या म्हणून. ट्रायने (टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ च्या नियमांत त्याला मर्यादाही घातली, साध्या चॅनलला एका ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे, एचडीला ४०. आणि दूरदर्शनच्या फुकट डिशवर, डीडी फ्री डिशवर, जागा मिळावी म्हणून तर खासगी चॅनलं लिलावात बोली लावतात. इथे अमेरिकेत लोकल स्टेशनचं गाडं उलट्या दिशेने जातं, सॅटेलाइट कंपनी स्टेशनला पैसे देते, दर ग्राहकामागे दर महिन्याला. आणि ते पैसे माझ्या बिलातून जातात हे वेगळं सांगायला नको. बाबांना हे पटायला तीन दिवस लागले. "स्टेशन तर हवेत फुकट सोडतंय ना? मग फुकटचं चॅनल विकतंय कसं?"

इथे मला थोडं खोदावं लागलं, आणि निघालं काय तर या सगळ्याची सुरुवात आमच्याच राज्यात! इथून गाडीने फार लांब नाही असं महानॉय सिटी नावाचं कोळशाच्या खाणींचं छोटं गाव आहे, तिथे जॉन वॉल्सन म्हणून एकाचं विजेच्या उपकरणांचं दुकान होतं. टीव्ही विकायला ठेवले पण मध्ये डोंगर, फिलाडेल्फियाचे सिग्नल गावात पोचेनात. मग त्याने डोंगरावर अँटेना लावला आणि तिथून वायर खाली आणली. १९४८ ची गोष्ट, असं तो सांगायचा, ओरेगनमधल्या अस्टोरियाचाही त्याच वर्षाचा दावा आहे त्यामुळे पहिलं कोण यावर वाद चालतो. पण मुद्दा असा की तेव्हा स्टेशनवाले खूशच असणार, फुकटात आणखी घरं मिळाली, जाहिराती आणखी लोकांपर्यंत गेल्या.

गणित फिरलं १९९२ च्या कायद्याने. त्या कायद्यात स्टेशनला दर तीन वर्षांनी निवड करायला दिली आहे. एक म्हणजे 'मला घ्यावंच लागेल', मग केबलवाल्याने दाखवायचंच पण पैसे मिळणार नाहीत. नाहीतर 'माझी परवानगी घ्या', म्हणजे पैशाची बोलणी आणि नाही जमलं तर चॅनल बंद. छोटी, कोणी फारसं न बघणारी स्टेशनं पहिला पर्याय घेतात आणि फुटबॉल असणारी अर्थातच दुसरा. सुरुवातीला केबल कंपन्यांनी रोख पैसे द्यायला साफ नकार दिला होता, मग त्याबदल्यात नेटवर्कवाल्यांनी (म्हणजे देशभरच्या लोकल स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी) आपली नवी चॅनलं त्यांच्या गळ्यात घातली, ईएसपीएन २ आणि एफएक्स अशीच जन्माला आली. सॅटेलाइटला तर १९९९ पर्यंत लोकांना त्यांच्याच गावची स्टेशनं दाखवायची सरसकट मुभाच नव्हती, त्या वर्षी कायदा बदलला आणि एका मार्केटमधलं एक लोकल चॅनल घेतलंत तर मागणारी बाकीचीही घ्या अशी अट आली. मग काय, एका घरासाठी केबल आणि सॅटेलाइट भांडायला लागल्यावर स्टेशनला म्हणता यायला लागलं, तू नाही दिलेस तर तुझं गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. बाजारात एकच भाजीवाली असली की ती भाव ठरवते, गिऱ्हाईक एकच असलं की गिऱ्हाईक ठरवतं, तसलंच हे.

हे मी बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे स्टेशन श्रीमंत झालं." तेही पूर्ण खरं नाही. स्टेशनला मिळालेल्या पैशातला मोठा वाटा ते ज्या नेटवर्कचे कार्यक्रम दाखवतात त्या नेटवर्कला जातो, आणि नेटवर्क तो खेळांच्या हक्कांवर ओततं. म्हणजे बाबा बघतात हवामान आणि पैसे भरतात फुटबॉलचे.

तर चॅनल गेलं. रात्री बाराला त्या दोघांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि सकाळी सहाला बाबा चहा घेऊन बसले तर निळ्या स्क्रीनवर सॅटेलाइट कंपनीचं निवेदन. मला वाटलं दोन-चार दिवसांत मिटेल. सात आठवडे! मग शोधलं तर कळलं सात आठवडे म्हणजे काहीच नाही. २०२३ मध्ये डायरेक्टटीव्ही ही सॅटेलाइट कंपनी आणि स्टेशनांची मालक नेक्सस्टार यांचं भांडण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चाललं, दीडशेहून जास्त स्टेशनं बंद. डिश (हे दुसऱ्या सॅटेलाइट कंपनीचं नाव) आणि टेग्ना या स्टेशनमालकाचं ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं ते थेट फेब्रुवारी २०२२ ला मिटलं, हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर. २०२४ मध्ये डायरेक्टटीव्ही आणि डिस्नीचं सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी तुटलं, यूएस ओपन टेनिस चालू, कॉलेज फुटबॉल नुकतं सुरू झालेलं, आणि दोन आठवड्यांत मिटलं. मुहूर्त बघा कसे काढतात. लोकांना जेव्हा चॅनल सगळ्यात जास्त हवं असतं तेव्हाच कॉन्ट्रॅक्ट संपेल अशा बेताने तारखा घातलेल्या असाव्यात असं माझं मत आहे, मतच आहे हां.

सरकारकडे तक्रार करून काही होत नाही. एफसीसी (इथली ट्राय म्हणा ना) फक्त एवढंच बघते की दोघं प्रामाणिकपणे बोलणी करतायत ना. चॅनल चालू करा असा हुकूम ती देत नाही, आणि स्टेशनने परवानगी दिल्याशिवाय सॅटेलाइट कंपनीलाही ते दाखवता येत नाही. मग मी म्हटलं शेजारच्या शहराचं त्याच नेटवर्कचं स्टेशन द्या, तेच सामने तर असतात! तर नाही. देश २१० टीव्ही मार्केटमध्ये वाटलेला आहे आणि तुमची काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) ज्या मार्केटात तिथलंच स्टेशन तुम्हाला.

कस्टमर केअरचा अनुभव. पहिला फोन चाळीस मिनिटं, मुलगी गोड बोलली, काही दिलं नाही. दुसरा फोन, 'मला कनेक्शन बंद करायचंय' म्हटलं तर दुसऱ्या विभागात दिला आणि तिथे महिन्याला ५ डॉलर सूट मिळाली, तीन महिने. न मागता कोणी देत नाही, हे लक्षात ठेवा. आणि मुदतीआधी बंद करायचं तर उरलेल्या प्रत्येक महिन्याचा दंड, मग चॅनल कमी दिलंत तरी कॉन्ट्रॅक्ट तुटत नाही का, तर नाही, बारीक अक्षरांत लिहिलंय की चॅनलं बदलू शकतात. लोकल चॅनलं अजिबात नकोत आणि तेवढे पैसे कमी करा, असाही पर्याय काही ठिकाणी मिळतो, घेताना विचारा, मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा या सगळ्यात शांत होते. म्हणाले, आपल्याकडेही झालंच की, फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टार, झी आणि सोनीने नव्या दरांवर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल बंद केले तेव्हा काही दिवस गल्लीत सगळ्या बायका केबलवाल्याच्या दारात. "पण तिथे निदान भांडायला दार होतं," हे आईंचं. मला हसू आलं, कारण मी तेव्हा फोनवर तिसऱ्यांदा तीच ट्यून ऐकत होते.

आता अँटेना. खरा रिव्ह्यू इथून पुढे आहे म्हणा ना. जे चॅनल बंद होतं ते हवेत चालूच होतं, फुकट. पहिल्यांदा २५ डॉलरचा कागदासारखा चपटा अँटेना आणून खिडकीला चिकटवला, दोन चॅनलं आली, हवं ते नाही. माळ्यावर नेला, अजून एक आलं. मग समजलं की स्क्रीनवर दिसणारा चॅनलचा नंबर आणि प्रत्यक्ष ज्या नंबरवर ते प्रसारित होतं तो वेगळा असू शकतो, सरकारने टीव्हीच्या लहरींचा लिलाव केला त्यानंतर ३७ नंबरच्या वरची जागा मोबाईल कंपन्यांना गेली आणि बऱ्याच स्टेशनांना खाली सरकावं लागलं, आमचं नेमकं व्हीएचएफमध्ये, म्हणजे अगदी खालच्या नंबरांत, आणि चपटे अँटेना तिथे माना टाकतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एवढे मैल तेवढे मैल लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. शेवटी लांब दांड्या असलेला जुन्या पद्धतीचा आणला, आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात गच्चीवर असायचा तस्साच. बाबांना भयंकर आनंद. मी शिडीवर, बाबा खाली, नवरा टीव्हीसमोर, आणि "आलं का? आता? गेलं, गेलं, मागे फिरव!" असा आरडाओरडा, शेजारची बाई बाहेर येऊन बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र, छतावर अँटेना चालणार नाही. तर मंडळी, चालतो. एफसीसीचा १९९६ चा नियम आहे, स्वतःच्या घरावर टीव्ही अँटेना आणि एक मीटरपर्यंतची डिश लावायला असोसिएशन असं सरसकट नाही म्हणू शकत नाही. तेवढं पत्रात लिहून पाठवलं, परत उत्तर आलं नाही. अर्थिंगची वायर मात्र टाका, त्यात कंजूषी नको.

आणखी एक, सॅटेलाइटच्या बॉक्सला जोडायचा छोटा ट्यूनर मिळतो, तो लावला की अँटेनाची चॅनलं त्याच गाईडमध्ये दिसतात, आईंना इनपुट बदलायचं शिकवत बसावं लागत नाही. हे आधी केलं असतं तर सात आठवडे वाचले असते.

नोव्हेंबरात समझोता झाला, बिगी बिगी 'आम्ही जिंकलो' अशा दोन्हीकडून पाट्या, आणि जानेवारीच्या बिलात भाव ४ डॉलरनी वर. माझी ५ डॉलरची सूट त्याच महिन्यात संपली.

स्टार द्यायचे तर पाचपैकी तीन. मराठी पॅक आणि रेकॉर्डिंगसाठी साडेतीन दिले असते, अर्धा त्या फोनवरच्या ट्यूनला कापला. ज्यांचं घर उंचावर आहे, समोर डोंगर नाही, त्यांनी आधी अँटेना लावून बघा आणि मग ठरवा. आमच्यासारख्या खोलगट भागात राहणाऱ्यांनी दोन्ही ठेवा, इलाज नाही. कॉन्ट्रॅक्टचे तेरा महिने बाकी आहेत.

बाबा मार्चमध्ये परत गेले. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगितलं की आता दुसऱ्या एका लोकल चॅनलवर पट्टी सुरू झालीय, तर म्हणाले, "ते कुठल्या दिशेला आहे? दांडी थोडी ईशान्येला फिरव."