डग्गा ऐकायचा तर: सोनी एक्सबी५५एपी

मी मिरजेत तबला शिकवते. गेली काही वर्षं माझ्या पर्समध्ये सोनीचा एमडीआर-एक्सबी५५एपी असतो, ‘एक्स्ट्रा बास’ मालिकेतला, म्हणजे खालचा जड नाद वाढवून देणारा वायरवाला इअरफोन. शास्त्रीय संगीत ऐकणारे बरेच जण बासवाल्या इअरफोनकडे बघतही नाहीत. तो मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांसाठी असतो, असं त्यांचं ठाम मत. मला हे अजिबात पटत नाही. तबल्याचा डावा हात, म्हणजे खालच्या नादाचा डग्गा, ज्याला खरंच ऐकायचाय, त्याने असा इअरफोन एकदा तरी कानात घालावा.

विद्यार्थी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवतात. फोनच्या स्पीकरवर ते लावलं की कडेच्या चाटेवरचा ‘ना’ कळतो, मधल्या काळ्या शाईवरचा ‘ति’ कळतो, डग्गा मात्र नुसता टपटप वाजतो. एवढ्याशा स्पीकरला खालचा नाद हलवताच येत नाही. आता दिल्ली घराण्याचा साधा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची रचना, घ्या: ‘धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धिं ना’. यातली सगळी गंमत भरी आणि खालीत, म्हणजे डग्गा वाजण्यात आणि गप्प बसण्यात आहे. ‘ता ता ति ट’ला डग्गा गप्प बसतो आणि पुढच्या ‘धा’ला पुन्हा बोलतो. फोनवर ऐकताना ‘धा’ आणि ‘ता’ जवळजवळ सारखेच लागतात. या इअरफोनमध्ये ‘ता’ आला की खालचा नाद साफ निघून जातो आणि ‘धा’बरोबर भरभरून परत येतो. पोराने खालीत चुकून डग्ग्यावर हात टाकला असेल तर तेही लपत नाही. ‘घे’ वाजवून मनगट पुढे सरकवलं की नाद वर चढतो ना, ती मींड तर इतकी सलग ऐकू येते की हात कुठे दाबला आणि कुठे सोडला हे न बघता सांगता येतं.

आत आवाज काढणारा १२ मिमीचा ड्रायव्हर आहे. कानात बसणाऱ्या इअरफोनच्या मानाने हा मोठाच. पण बास नुसत्या ड्रायव्हरमुळे येत नाही, टोकाचं मऊ बोंड कानात घट्ट बसावं लागतं. जरा फट राहिली की खालचा सगळा नाद तिथूनच निसटतो. ‘मला यात बास आलाच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बोंडाचं माप चुकलेलं असतं. सोबत सिलिकॉनची चार मापं मिळतात, सगळ्यात लहान एसएसपासून मोठ्या एलपर्यंत. माझ्या उजव्या कानाला एस लागतं आणि डाव्याला एसएस. दोन्ही कान सारखे असायलाच हवेत असं नाही, तेव्हा दोन्हीकडे वेगळी मापं लावून बघा. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोंड आत सरकवायचं, मग पाळी सोडायची. बाहेरचा आवाज एकदम दबला की बरोबर बसलं समजा.

खोक्यावर आवाजाचा पल्ला ४ ते २४,००० हर्ट्झ असं छापलंय. त्या ४ला भुलू नका. माणसाच्या कानाला साधारण २०च्या खालचं ऐकूच येत नाही. चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते. ती इथे व्यवस्थित, गोल आणि भरीव वाजते, आणि तेवढं पुरेसं आहे. जुन्या हिंदी गाण्यांत बास गिटार गायकाच्या मागून स्वतःची वेगळी चाल चालत असते. लहानपणापासून ऐकलेल्या गाण्यांतली ती चाल मला पहिल्यांदा इथेच नीट सापडली. लावणीतल्या ढोलकीची धूम, भजनातला पखवाज, संबळ, ही सगळी वाद्यं इथे अंगाने भरतात.

मला याची सगळ्यात जास्त किंमत वाटते ती हळू आवाजात. आवाज कमी केला की आपल्या कानाला बास इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळेच साध्या इअरफोनवर डग्गा ऐकायचा म्हणून लोक आवाज वाढवत जातात आणि कानाची वाट लावून घेतात. इथे बास मुळातच वर ठेवलेला असल्याने आवाज खाली ठेवूनही ठेका पूर्ण लागतो. रात्री घरचे झोपल्यावर विलंबित एकताल ऐकताना दोन मात्रांच्या मधे डग्ग्याची आस, म्हणजे मागे उरलेला नाद, कशी रेंगाळते ते या आवाजातही कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. आम्हा तबलेवाल्यांचे कान तसेही वाद्याजवळ दिवसभर राबत असतात, म्हणून मी विद्यार्थ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगते.

आता हा इअरफोन कुठे वापरू नये ते. वाद्य सुरात आहे का, डग्गा नीट चढवलाय का, हे याच्यावर ठरवू नका. बास वाढवलेल्या कुठल्याही इअरफोनमध्ये सगळ्यांचाच डग्गा घुमारेदार वाटतो, सैल पडलेलासुद्धा. त्या कामाला सपाट आवाजाचा, म्हणजे काहीच न वाढवणारा इअरफोन वेगळा ठेवावा. तानपुऱ्याचं तारांखालच्या जवारीतून येणारं बारीक झंकारणं ऐकायलाही तोच बरा, कारण खालचा नाद जोरात असला की वरचं नाजूक काम झाकलं जातं. आमच्या मिरजेत तानपुरे बनवणाऱ्या घराण्यांची दुकानं आहेत, त्यामुळे तो झंकार कानात पक्का बसलाय आणि तो कमी झालेला मला लगेच जाणवतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेलं गाणंही इथे लावू नका. मुळात त्यांच्यात बास फारसा नाही, वाढते ती फक्त घरघर.

आरामाचं म्हणाल तर बोंड मऊ आहे. मिरजेहून पुण्याला जाताना रेल्वेत दोन-अडीच तास काही टोचत नाही. नंतर कान गरम होतो, उन्हाळ्यात आत घाम येतो, तेव्हा काढून कानाला हवा लागू द्यावी. कुशीवर झोपून ऐकायचं असेल तर कुठलंही एवढं जाड बोंड रुततंच. बायकांसाठी खास सूचना: झुमके काढून ठेवा. झुमका वायरीवर आपटला की थेट कानात टकटक ऐकू येते, ओढणी घासली तरी खसखस येते. साधी कुडी चालते. वायर ओढणीच्या आतून घेतली की हा त्रास उरत नाही. खाताखाता गाणं ऐकायची सवय असेल तर कान बंद असल्यामुळे शेंगदाण्याचा प्रत्येक चावा डोक्यात घुमेल. तो दोष इअरफोनचा नाही, कान घट्ट बुजवला की तसंच होतं.

वायर १.२ मीटरची आहे आणि तिच्यावर बारीक खाचा आहेत, त्यामुळे पर्समध्ये फारसा गुंता होत नाही. ‘आता वायर कोण वापरतं?’ असं मुलं विचारतात. लेहऱ्याचं, म्हणजे तबल्याला साथीची धून फिरवत ठेवणारं अ‍ॅप लावून वाजवणाऱ्याने वापरावी. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो. गाणं ऐकताना तो उशीर कळत नाही, पण अ‍ॅपवर मात्रा दिसते एका जागी आणि कानात पडते दुसऱ्या जागी. वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड केलंत तर लेहरा आणि ठेका वेगळे पडलेले दिसतात. वायरीत ही अडचण येत नाही. फोनला गोल ३.५ मिमीचं भोक नसेल तर सी-टाइपचा छोटा अ‍ॅडॅप्टर घ्यावा लागेल. इअरफोनचा विजेला रोध कमी, १६ ओहमच असल्याने तो साध्या फोनवरही भरपूर वाजतो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. बोंडं अधूनमधून काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या आणि आतल्या जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. जाळी बुजली की एका कानाचा आवाज बसतो, आणि लोक उगाच नवीन इअरफोन आणायला निघतात.