आमच्याच आठवणी आम्हाला विकणाऱ्यापासून सावध राहा

कोकणात ज्यांच्या घरी एके काळी फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी, पिकअप होती आणि ज्यांनी तिचे फोटो, नंबर, किस्से हौसेने कोणाला तरी पाठवले आहेत, त्यांनी हा अनुभव अवश्य वाचावा. माझे २ लाख ७३ हजार रुपये गेले आहेत, आणि ज्या बतावणीने ते गेले तीच बतावणी करणारे फोन आमच्या ओळखीच्या आणखी दोन घरी आल्याचे आता कळते आहे. टोकन घेऊन पसार होणारे दलाल सगळ्यांना ठाऊक आहेत. इथे मात्र गाडी दारात आली, कागद हातात पडले, चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बाबांच्या गाडीचा नंबर होता, आणि तरीही ती बाबांची गाडी नव्हती.

आमच्याकडे महिंद्राची एफसी-१५० होती. विलीज कंपनीने अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आणलेली ही रचना; तिला पुढे नाक नाही, केबिन थेट इंजिनावर बसवलेली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८१ इंच. विलीज जीप जोडणाऱ्या महिंद्राने पुढे ही गाडीही आपल्याकडे बनवली. चिऱ्याच्या खाणीत जिथे मोठा ट्रक वळत नाही तिथे ही गाडी हौदाभर जांभा घेऊन वळत असे आणि पावसाळ्यात व्हाळाच्या उतारावर बाबा लहान दांडी ओढून चारही चाके लावत. इंजिनाचे झाकण दोन सीटांच्या मधोमध असल्यामुळे मे महिन्यात हापूसच्या पेट्या सड्यावरून खाली आणताना शेजारी बसणाऱ्याची मांडी भाजून निघे. १९८६ मध्ये बाबांनी ती घाटावरच्या एका व्यापाऱ्याला विकली आणि त्यानंतर ती कोणी पाहिली नाही.

तो माणूस आमच्या आयुष्यात आला तो या आठवणी मागण्यासाठी. जुन्या फोर व्हील गाड्यांच्या मालकांची स्मरणिका काढायची आहे, रत्नागिरीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंतच्या घरांतून मजकूर गोळा करतो आहे, असे त्याने सांगितले. बोलणे अदबशीर, प्रत्येक वाक्यात ‘काका’, आणि गाड्यांची माहिती इतकी पक्की की शंकेला जागाच नव्हती. मी त्याला चार पाने लिहून दिली. हौद्याचा फाळका दगड पडून फाटला होता आणि खारेपाटणच्या एका मिस्त्रीने त्यावर आडवी पट्टी जोडून वेल्डिंग केले होते, केबिनच्या मागच्या खिडकीला काचेऐवजी जाळी होती, आतून रंग हिरवा आणि बाहेरून निळा होता, हे सगळे त्यात होते. बाबांचा गाडीसोबतचा फोटो दिला. घरात उरलेल्या जुन्या विम्याच्या कागदाचा फोटोही दिला आणि त्या कागदावर चेसिस नंबर स्पष्ट छापलेला होता.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. ‘काका, तुमच्या बाबांची गाडी सापडली. कोल्हापूरच्या बाजूला एका गोठ्यात उभी आहे, मालक भंगारात काढतोय.’ मागोमाग फोटो आले. निळ्या रंगाखाली हिरवा, खिडकीला जाळी, फाळक्यावर आडवी पट्टी. वडील गेल्यानंतर ज्याने त्यांची एखादी वस्तू शोधली असेल त्याला मी त्या फोटोंसमोर काय अनुभवले ते सांगावे लागणार नाही. त्या पट्टीचे वेल्डिंग ताजे होते की जुने, हे मोबाईलवरच्या फोटोत कोणालाही कळले नसते. मी त्याच संध्याकाळी ५१,००० रुपये टोकन पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने आरसी बुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, आणि तो फोटो मी आजही उघडतो तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. पहिल्या नोंदणीची तारीख १९७१ सालची, आणि तिच्या शेजारी त्याच जांभळ्या शाईत गोल शिक्का: सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९७१ मध्ये त्या नावाचा जिल्हाच नव्हता, तर त्याच्या परिवहन कार्यालयाचा शिक्का कुठून येणार? आमचा देवगड तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता, हे मी शाळेत शिकलेलो आहे, माझ्या जन्मदाखल्यावर रत्नागिरीच लिहिलेले आहे, आणि तो शिक्का मी बोटांनी मोठा करून पाहिला होता. परंतु जुन्या आरसी बुकांवर नंतरच्या काळातले शिक्के जागा मिळेल तिथे मारलेले असतात. हस्तांतर, कर, पुनर्नोंदणी अशा कोणत्याही नोंदीचा तो शिक्का असू शकतो असे मला वाटले, आणि जुनी कागदपत्रे ज्यांनी हाताळली आहेत त्यांपैकी कोणालाही तसेच वाटले असते. ज्याच्याकडे आपल्या वडिलांच्या गाडीचा खरा चेसिस नंबर आहे त्याच्या शिक्क्यावर संशय घेण्याचे कारण काय? तो नंबर त्याला माझ्याच कागदावरून मिळाला होता, हे मात्र त्या क्षणी डोक्यात यायला हवे होते. त्याने दाखवलेल्या पुराव्यातला एकही तपशील मी लिहून दिलेल्या चार पानांच्या बाहेरचा नव्हता.

मी १ लाख ८५ हजार रुपये बँकेतून पाठवले. त्यानंतर ‘ना हरकत दाखल्यासाठी’ १४,५०० आणि ट्रेलरच्या भाड्याचे २२,५०० रुपये गेले. गाडी रात्री उशिरा आली आणि ट्रेलरवाला लगेच निघून गेला. सकाळी आमच्या गॅरेजवाल्या मुलाने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, ‘काका, हेका फुडच्या ॲक्सलात काय नाय.’ पुढे साधा ॲक्सल होता, डिफरन्शियल नव्हते, पुढे जाणारा शाफ्ट नव्हता, पुढच्या चाकांकडे जोर वळवणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, नव्हती, म्हणजे ही गाडी फोर व्हील नव्हतीच, आणि जिथे गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन दांड्या असायला हव्यात तिथे पत्र्याचा तुकडा ठोकून वर रबर टाकलेले होते. चेसिसवरचा नंबर ग्राइंडरने घासलेल्या जागेवर ठोकला होता आणि त्यातले दोन आकडे ओळ सोडून खाली उतरले होते. फाळक्याची पट्टी खरवडली तेव्हा खालचा पत्रा अखंड निघाला. जे फाटलेच नव्हते त्यावर ठिगळ लावले होते, कारण मी तसे लिहिले होते.

एवढे होऊनही त्याने फोन करून आणखी ३८,००० रुपये मागितले. जुन्या वाहनांची खास ‘व्हीए’ मालिका मिळवून देतो म्हणाला. हे पैसे मी दिले नाहीत, आणि इतरांनीही देऊ नयेत. २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे ही नोंदणी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांनाच मिळते, तिचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि चारचाकींपैकी ती एम-१ वर्गाला, म्हणजे चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनांना लागू आहे. मालवाहू पिकअप त्या वर्गात बसत नाही. पिकअपला ‘व्हिंटेज पासिंग’ करून देतो असे जो म्हणतो तो पहिल्याच वाक्यात खोटे बोलतो आहे, हे लक्षात ठेवा.

यापुढे जे झाले त्याचा संताप मला पैसे गेल्याच्या संतापापेक्षा अधिक आहे. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की गाडी ठरली, पैसे दिले, गाडी मिळाली, म्हणजे हा दिवाणी व्यवहार आहे, वकील गाठा. मी भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ आणि बनावट कागदपत्रांचा मुद्दा मांडला, तेव्हा उत्तर मिळाले की चेसिस नंबर खोडलेली गाडी तुमच्या अंगणात उभी आहे, तेव्हा आधी तुमचीच चौकशी होईल. फसवला गेलेल्या माणसाला ही धमकी? पैसे घाटावरच्या खात्यात गेले म्हणून घाटावरच्या ठाण्यात जा, असे इथे म्हणतात, आणि फोन कोकणात आला म्हणून कोकणात जा, असे तिथे म्हणतात. वास्तविक हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने बंधनकारक केले आहे. सायबर कक्षाने वस्तू मिळाली असल्यामुळे आपला विषय नसल्याचे कळवले. बँकेने खातेदाराचे नाव सांगता येत नाही म्हटले, जणू त्याला पैसे मी पाठवले नव्हते. परिवहन विभागाच्या एका कार्यालयाने जुनी रजिस्टरे दुसऱ्या कार्यालयात असल्याचे सांगितले, दुसऱ्याने ती पहिल्याकडे वर्ग केल्याचे सांगितले, आणि बाबांच्या गाडीची मूळ नोंद पाहायला मिळावी एवढी साधी मागणी अजून टेबलावर पडून आहे. ती नोंद वेळेत पाहता आली असती तर हा माणूस टोकनाच्या पुढे गेला नसता. जुन्या गाड्यांच्या नोंदी ऑनलाइन सापडत नाहीत, हे अशा लोकांना पक्के माहीत असते आणि त्यांचा सगळा धंदा त्याच्यावर उभा असतो.

जुन्या गाडीचा फोटो देताना नंबर प्लेट झाका. विमा, कर, आरसी यांतला कोणताही कागद कोणालाही पाठवू नका. गाडी पाहायला स्वतः जा आणि सोबत मिस्त्री न्या. पुढचा ॲक्सल, ट्रान्सफर केस आणि चेसिसचा नंबर या तीन जागा त्याच्या हाताने तपासून घ्या. समोरच्याला अशी गोष्ट विचारा जी कुठेही लिहिलेली नाही. माझ्या ताईने लहानपणी डॅशबोर्डच्या खणात आतून खिळ्याने आपले नाव कोरले होते; ते मी त्या चार पानांत लिहिले नव्हते, आणि आलेल्या गाडीचा तो खण आतून गुळगुळीत आहे. पैसे पाठवल्यावर शंका आली तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकली की हाती काही लागत नाही. नंबर खोडलेली गाडी आली तर तिला हात न लावता त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ती पोच माझ्याकडे आहे म्हणूनच माझ्यावर उलटा गुन्हा दाखल होऊ शकलेला नाही.

पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवूनही काही हलले नाही, त्यामुळे आता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज केला आहे आणि त्यात चेसिसवरच्या खोडलेल्या नंबराची न्यायवैद्यक तपासणी मागितली आहे. मूळचा नंबर कोणत्या गाडीचा होता ते त्यातून निघू शकेल, आणि ती चोरीची असेल तर तिचा खरा मालकही सापडेल. स्मरणिकेच्या नावाखाली ज्यांनी आपल्या पिकअपचे फोटो आणि कागद दिले आहेत त्यांनी कोणती माहिती दिली ते आजच लिहून ठेवावे, आणि ‘तुमची गाडी सापडली’ असा फोन आल्यास तो नंबर व संभाषण जपून ठेवून तक्रार करावी. एकापेक्षा अधिक तक्रारी झाल्या तर हा दिवाणी व्यवहार आहे असे म्हणणे कोणत्याही ठाण्याला जड जाईल.