साधा कॅल्क्युलेटर की सायंटिफिक? दहावं मूळ काढून पाहू

दहावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये वह्या-पुस्तकांच्या खरेदीत कॅल्क्युलेटरही येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, "कुठला घेऊ?" मी आधी विचारते, मूल कोणत्या परीक्षेला बसणार आहे?

एकच गणित सगळीकडे करून बघू. २००१ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १०,७७,२३६ होती, २०११ मध्ये १४,८६,०५३. म्हणजे दहा वर्षांत १.३७९५ पट. वर्षाला सरासरी किती टक्के वाढ? त्यासाठी या गुणोत्तराचं दहावं मूळ हवं, म्हणजे अशी संख्या जी दहा वेळा घेऊन गुणली की १.३७९५ येतं.

सायंटिफिकवर हे काही सेकंदांचं काम. १० दाबा, शिफ्ट, मुळाची कळ, मग संख्या. उत्तर १.०३२६९६, म्हणजे ३.२७ टक्के. काही मॉडेलवर आधी कळ दाबून मग चौकटी भरायच्या असतात. घातांकाच्या कळीने करायचं तर १÷१० कंसात घाला. कंस विसरलात तर यंत्र आधी पहिला घात करतं, मग दहाने भागतं, आणि उत्तर येतं ०.१३७९५. दरवर्षी निम्मी मुलं इथेच अडकतात.

साध्या कॅल्क्युलेटरवर फक्त वर्गमूळाची कळ असते. ती दोनदा दाबली की चौथं मूळ, तीनदा दाबली की आठवं. दहावं कसं काढायचं? सीएची मुलं वापरतात ती युक्ती मला मनापासून आवडते. वर्गमूळ १२ वेळा दाबा, १ वजा करा, १० ने भागा, १ मिळवा, मग गुणिले-बरोबर (म्हणजे वर्ग) १२ वेळा. बारा वर्गमुळांनंतर संख्या एकच्या इतकी जवळ येते (इथे १.००००७८५) की तिचं दहावं मूळ काढणं म्हणजे एकच्या वरचा तेवढा तुकडा दहाने भागणं. पुढचे बारा वर्ग आपल्याला परत मूळ जागी आणतात. हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही.

पण पडद्यावर किती अंक मावतात ते मोजून घ्या. बारा अंकी यंत्रावर उत्तर पाच दशांशांपर्यंत सायंटिफिकशी जुळतं, १.०३२७०. आठ अंकीवर तो चिमुकला तुकडाच कापला जातो आणि १.०३२४५ येतं, म्हणजे ३.२५ टक्के. आठ अंकी घेऊच नका.

मोबाईलवर मूळ निघतं, पण तो परीक्षेच्या हॉलमध्ये नेता येत नाही. इंजिनीअरिंगच्या 'गेट' या प्रवेश परीक्षेला कॅल्क्युलेटर संगणकाच्या पडद्यावरच मिळतो, स्वतःचा चालत नाही.

आता निर्णय. सीएकडे जाणाऱ्यांनी साधा बारा अंकी घ्यावा आणि ही युक्ती हाताला बसवावी. डिप्लोमावाल्यांनी सायंटिफिक घ्यावा, तंत्रनिकेतनाच्या प्रश्नपत्रिकेवरच नॉन-प्रोग्रामेबल (प्रोग्राम साठवता न येणारा) चालेल असं छापलेलं असतं. बारावी सायन्सला मात्र बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल (लॉगरिदमचे छापील तक्ते) चालतं. १.३८० चा लॉग ०.१३९९, दहाने भागून ०.०१४०, त्याचा अँटीलॉग १.०३३. तीन दशांशांपर्यंत उत्तर बरोबर आलं. त्या दोन वर्षांसाठी कॅल्क्युलेटर नकोच, लॉग टेबलाची पुस्तिका घ्या आणि रोज पाच गणितं तिच्यावर करवून घ्या.