पेटीतली लोकर: कार्डिगन अखंड विणावा की पाच तुकड्यांत?

पुण्यात स्वेटर घालायचा असतो डिसेंबरात, पण विणायला घ्यावा लागतो ऑक्टोबरच्या उकाड्यात. दसऱ्याची आवराआवर काढली की पलंगाच्या पेटीतून लोकरीच्या पिशव्या बाहेर येतात. भाचीच्या झबल्यांतून उरलेली पिवळी, तुळशीबागेतून 'असू दे' म्हणून आणलेली राखाडी, उसवलेल्या मफलरची मरून. यातून मोठं काही करायचं तर कार्डिगनच. इथली थंडी सकाळी दात वाजवते आणि अकरा वाजता अंगातलं काढायला लावते, तेव्हा डोक्यातून घालायच्या स्वेटरशी झटापट कोण करणार!

मग प्रश्न येतो पद्धतीचा. गळ्यापासून खाली एकसंध रॅगलान (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषेत बाही धडाला जुळते तो स्वेटर) विणायचा, की पाठ, दोन पुढचे भाग आणि दोन बाह्या वेगळ्या विणून जोडायच्या? मी दोन्ही तऱ्हांनी तीन-चार तरी स्वेटर केलेत, त्याच्या जिवावर लिहिते आहे.

उरलेल्या लोकरीसाठी सगळे अखंडच सुचवतात, आणि कारण चोख आहे. गळा, खांदे, छाती आधी होऊन जाते. लोकर संपत आली की उंची तिथेच थांबवायची. मध्येच अंगाला लावून बघता येतं, शिवण नाही, टोकं कमी लपवावी लागतात. वाढत्या मुलांसाठी तर हाच बरा. पुढच्या वर्षी खालची बॉर्डर उसवून टाके उचलायचे आणि चार बोटं आणखी विणायची. (रॅगलान आणि कार्डिगन ही दोन्ही नावं क्रिमियाच्या युद्धातल्या इंग्रज सरदारांची. आपल्या माकडटोपीला इंग्रजीत जे बालाक्लाव्हा म्हणतात, ते तिथलंच गाव. 1854 साली तिथे लढाई झाली. एका युद्धानं हिवाळ्याचं निम्मं कपाट भरलं म्हणायचं.)

नमुना आपल्या लोकरीला बसवायला घेतला की मात्र रॅगलान थोडा हट्टी वाटतो. त्यात टाके वाढतात ते ओळी मोजून, दर दोन ओळींना आठ. माझ्या पहिल्या रॅगलानला टाके अगदी जुळले होते, 10 सेंटिमीटरला 22. ओळी नमुन्यात 30 होत्या, माझ्या भरत होत्या 26. सांगितल्याप्रमाणे 24 वेळा वाढवलं, म्हणजे 48 ओळी. मुंढा, म्हणजे बाही बसते तो भाग, 16 सेंटिमीटरवर यायचा तो साडेअठरावर गेला. इंचभर लोंबणारी काख घेऊन मी तो हिवाळा काढला. नेमाने ओळी मोजणाऱ्यांचं असं होत नसेल. मी टाके मोजते आणि ओळींना 'बघू पुढे' म्हणते.

तरी मी पद्धत बदलली ती यासाठी नाही. बदलली ती मांडीसाठी.

अखंड स्वेटरच्या बाह्या सगळ्यात शेवटी येतात. तेव्हा सुईवर असतात जेमतेम साठ टाके आणि मांडीवर असतो बाकीचा अख्खा स्वेटर. बाही गोल विणायची, म्हणून दर फेरीला तो सगळा पसारा आपल्यासोबत फिरवायचा. थोड्या वेळाने लोकरीला पीळ पडतो, मग गुंडा हवेत धरून उलटा फिरवत बसा. त्यात आपली बाजारातली लोकर बहुतेक ॲक्रिलिक. दुपारी तीन वाजता, पंखा पाचवर असतानाही, मांडीवर मांजर निजल्यासारखी ऊब. घामेजल्या बोटांनी सुई सरकत नाही, वीण घट्ट होत जाते, आणि मग दोन बाह्या दोन मापांच्या. एका वर्षी दुसरी बाही कोपरापर्यंत आणून मी सगळं पिशवीत कोंबलं. सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर चढला तरी माझा अपुराच होता.

तुकड्यांत मांडीवर एका वेळी एकच भाग. तो बसमध्ये नेता येतो, दवाखान्यात नंबर येईपर्यंत वीसेक ओळी होतात. चुकलं तर तेवढाच उसवायचा. लोकर मध्येच संपण्याची भीती उरते, तिच्यावर माझा उपाय असा: बाह्या आधी विणायच्या. दोन्ही एकाच वेळी, दोन गुंडे लावून, एकाच लांब सुईवर, म्हणजे मापं आपोआप सारखी. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायच्या. माझ्या मापाच्या दोन्ही मिळून 130 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि पूर्ण स्वेटर 400 च्या. उरलेली लोकर धडाला पुरणार का, ते तिथेच कळतं. नसेल पुरत, तर बॉर्डर, गळा आणि बटणपट्टी मरून. बघणाऱ्यांना तो विचारपूर्वक केलेला मेळ वाटतो. दोन लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या, राखाडीत फरक दिसत असेल तर आलटून पालटून दोन-दोन ओळी. मग तो पट्टा म्हणून डोळ्यांत भरत नाही.

नमुना बसवणंही सोपं. मला छाती हवी 100 सेंटिमीटर आणि जाड लोकरीचे टाके येतात 10 सेंटिमीटरला 18, म्हणजे एकूण 180. नमुना 22 टाक्यांचा असेल तर 180 टाके त्यातल्या 82 छातीच्या मापात सापडतात. टाके त्या मापाचे घ्यायचे, उंची मात्र टेप लावून आपली. मुंढ्याला वळण न देता सरळ विणलं तर बाहीच्या वरच्या रुंदीच्या निम्मी उंची मोजायची, की झालं. ओळींचा हिशेब लागतच नाही.

शिवण कंटाळवाणी आहे, नाकारत नाही. पाच तुकडे तयार असून महिनाभर जोडलेच नाहीत, असंही माझ्याकडे घडलंय. मात्र बटणांनी जड झालेला स्वेटर खांद्याच्या शिवणीवर नीट बसतो. माझे अखंड विणलेले दोन मानेपासून हळूहळू ओघळलेत. ॲक्रिलिकचा दोष असेल किंवा माझ्या सैल हाताचा.

लहान मुलासाठी विणायचं असेल, किंवा शिवणीचं नाव काढताच अंगावर काटा येत असेल, तर अखंडच घ्या. स्वतःसाठी, पेटीतल्या लोकरीतून, दिवाळीच्या आधी सुरुवात करणार असाल तर मी बाह्यांपासून म्हणेन. माझ्या नणंदेचं मत बरोब्बर उलट आहे आणि तिचे रॅगलान माझ्यापेक्षा देखणे असतात. तिच्या दिवाणखान्यात एसी आहे, एवढंच.