सोसायटीच्या तरणतलावाचा हीट पंप : नाशिकचा हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

गंगापूर रोडच्या बाजूला असलेल्या आमच्या सोसायटीच्या तरणतलावाला गेल्या दिवाळीनंतर हीट पंप बसवला आणि तेव्हापासून त्याची देखरेख व्यवस्थापन समितीच्या वतीने माझ्याकडे आहे. यंत्राने अपेक्षेप्रमाणे काम केले, हे आधीच नमूद करतो. मात्र खरेदीच्या वेळी सभेत जी मते ठामपणे मांडली गेली आणि विक्रेत्यांनीही जी खोडून काढली नाहीत, त्यांतील बरीचशी प्रत्यक्ष वापरात टिकली नाहीत. ज्या सोसायट्या किंवा फार्महाऊसचे मालक येत्या हिवाळ्यासाठी अशी खरेदी करणार आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचा तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे. म्हणजे सुमारे ९०,००० लिटर पाणी. एक हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ युनिट (विजेच्या मीटरवर मोजतात तेच, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते, त्यामुळे आमच्या तलावाला एका अंशासाठी साधारण १०५ युनिट लागतात. जानेवारीत २० अंशांवर आलेले पाणी २८ अंशांपर्यंत न्यायचे तर ८४० युनिट झाली. कोणतेही यंत्र घेतले तरी हा आकडा बदलत नाही. बदलते ती त्यासाठी मोजावी लागणारी किंमत. विजेच्या कॉइलचा हीटर खरेदीला स्वस्त असतो, पण त्याला ही सगळीच्या सगळी ८४० युनिट मीटरवरून घ्यावी लागतात. गॅस हीटरला याच कामासाठी १९ किलोचे चारपेक्षा जास्त व्यावसायिक सिलिंडर लागले असते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, तो ती हवेतून उचलून पाण्यात सोडतो, म्हणून एका युनिट विजेत चार ते पाच युनिट उष्णता मिळू शकते. आठवड्यातून एकदाच पाहुणे येणाऱ्या बंगल्याला पाणी झटपट तापवणारा गॅस हीटर सोयीचा ठरू शकेल; रोज सकाळ-संध्याकाळ वापर असलेल्या तलावाला मात्र तो परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मोठे यंत्र वीज जास्त खाते, म्हणून लहान घ्या’ हा आग्रह सभेत बराच वेळ चालला. वास्तविक मोठे यंत्र तेवढेच काम कमी तासांत उरकते. लहान यंत्राची अडचण अशी की कडाक्याच्या थंडीत ते रात्रंदिवस चालूनही पाणी जेमतेम आहे तिथेच राखते, आणि मग ‘हीट पंप नाशिकला चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. याहून महत्त्वाची बाब यंत्रावरच्या पट्टीची आहे. तिच्यावर ठळक छापलेली क्षमता बहुधा हवा २६-२७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना मोजलेली असते. डिसेंबरच्या पहाटे नाशिकचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातो, निफाडला तर त्याहूनही खाली, आणि हवा कोरडी असते. म्हणून त्याच पट्टीवर खाली दिलेला, १५ अंश हवेसाठीचा आकडा विचारात घ्यावा. आम्ही तो पाहून यंत्र निवडले आणि जानेवारीत त्याचे महत्त्व पटले.

आता या अनुभवातला सर्वांत मोठा भाग, तो म्हणजे झाकण. तलावाचे झाकण हे पाने आणि कचरा पडू नये म्हणून असते, ही समजूत इतकी पक्की आहे की झाकणाचा खर्च प्रस्तावातून वगळण्याची सूचना सर्वप्रथम आली. उघड्या तलावाची सर्वाधिक उष्णता बाष्पीभवनातून जाते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते सुमारे ०.६८ युनिट उष्णता घेऊन जाते. आमच्या तलावाची पातळी केवळ एक सेंटिमीटर खाली गेली तरी ७२० लिटर पाणी उडालेले असते आणि त्याबरोबर जवळजवळ ४९० युनिट उष्णता. म्हणजे संपूर्ण तलाव साडेचार अंशांहून अधिक तापवता येईल इतकी. हिवाळ्यातली कोरडी हवा आणि गंगापूर धरणाकडून येणारा वारा हे बाष्पीभवन आणखी वाढवतात. आम्ही बुडबुड्यांचे, म्हणजे एका बाजूला हवेचे फुगे असलेल्या प्लॅस्टिकचे, झाकण घेतले. बुडबुड्यांची बाजू खाली, पाण्याकडे ठेवायची असते. अनेक ठिकाणी ती उलटी टाकलेली मी पाहिली आहे. झाकण घातलेल्या रात्री आमचे पाणी साधारण एका अंशाने उतरत असे आणि ते घालायचे राहिले त्या रात्री सुमारे तीन अंशांनी. हा फरक तापमापकावर दिसू लागल्यापासून झाकणाविषयीची तक्रार बंद झाली आणि रात्री साडेनऊला झाकण ओढण्यासाठी तरुण मंडळी आपणहून खाली येऊ लागली.

तापमानाच्या आकड्याबद्दलही मोठा गैरसमज आढळला. सकाळी पोहायला येणारे एक आजोबा मला वारंवार म्हणत, “अहो, मशीन चाळिसावर ठेवा, म्हणजे पाणी लवकर तापेल.” आकडा वाढवल्याने तापण्याचा वेग वाढत नाही, कुठे थांबायचे एवढेच त्यातून यंत्राला कळते. आम्ही २८ अंश ठरवले. पोहण्याच्या स्पर्धांसाठी २५ ते २८ अंशांचे पाणी ग्राह्य धरतात. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना थोडे अधिक उबदार हवे असते, हे लक्षात घेऊन आम्ही वरची मर्यादा घेतली. पहाटेच्या पोहणाऱ्यांसाठी यंत्र पहाटे चार वाजता सुरू करावे, हाही आग्रह होता. हीट पंपासाठी ती सर्वांत वाईट वेळ असते, कारण थंड हवेतून उचलण्याजोगी उष्णता कमी असते आणि हवेतली उष्णता घेणाऱ्या त्याच्या जाळीवर दव गोठू लागले की ते वितळवण्यासाठी यंत्राला काम थांबवावे लागते. नाशिकला हिवाळ्यातही दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास जातो. आम्ही अकरा ते सहा या वेळेत पाणी तापवतो, रात्री झाकतो, आणि सकाळी सहाला ते २७ अंशांवर मिळते.

निगेच्या बाबतीत ‘हीट पंपाला काही करावे लागत नाही’ असे विक्रेता सांगून गेला होता, ते मुळीच खरे नाही. आमच्याकडे पातळी राखण्यासाठी घेतले जाणारे बोअरवेलचे पाणी जड आहे. जड पाण्यातला चुना पाणी तापल्यावर लवकर सुटतो आणि तो नेमका उष्णता देणाऱ्या नळ्यांवर बसतो. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ७.८ च्या वर राहिला तर थर वाढतो, तो फार खाली गेला तर तांब्याची नळी खाल्ली जाते. आम्ही टायटॅनियमच्या नळ्यांचे यंत्र घेतले आहे, ते क्लोरिनला आणि मिठालाही दाद देत नाही. पण टायटॅनियमवरही क्षार बसतातच, त्यामुळे ‘टायटॅनियम आहे, आता पाणी तपासायची गरज नाही’ हा युक्तिवाद मान्य करू नये. पीएच ७.२ ते ७.६ दरम्यान ठेवायचा आणि तो रोज तपासायचा, एवढी शिस्त आमच्या पूल ऑपरेटरने मनापासून पाळली. क्लोरिनच्या गोळ्या स्किमरमध्ये, म्हणजे तलावाच्या काठाशी वरचे पाणी ओढून घेणाऱ्या कप्प्यात, टाकण्याची त्याची जुनी सवय मात्र मोडावी लागली. त्या गोळ्या तीव्र आम्लधर्मी असतात. पंप बंद असताना तिथे साठलेले तीव्र पाणी पंप सुरू होताच थेट हीटरमधून जाते. क्लोरिन देण्याची सोय नेहमी हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतरच्या भागात, असावी आणि मध्ये पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह असावा.

फेब्रुवारीत एकदा यंत्र पाणी न तापवता वारंवार बंद पडू लागले आणि सेवा देणाऱ्या तंत्रज्ञाने यंत्रात एसीप्रमाणे असणारा गॅस भरण्याचा खर्च सुचवला. प्रत्यक्षात वाळूच्या फिल्टरचा दाब दाखवणारा गेज स्वच्छ स्थितीपेक्षा १० पीएसआयने वर गेला होता, पाण्याचा प्रवाह घटला होता आणि प्रवाह कमी होताच यंत्र बंद करणारा फ्लो स्विच आपले काम चोख करत होता. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुतल्यावर, यंत्र पूर्ववत चालू लागले. बंद पडणारा हीटर दरवेळी बिघडलेला असतोच असे नाही. आधी फिल्टर पाहावा.

दुसरा प्रसंग जूनमधला. पाऊस सुरू झाल्यावर वॉचमनने येऊन सांगितले, “साहेब, मशीन गळतंय, खाली डबकं साचलंय.” ऑपरेटरने दोन छोट्या नळ्या घेतल्या, एकीत तलावाचे पाणी भरले, दुसरीत त्या डबक्यातले, आणि दोन्हींत क्लोरिन तपासणीचे थेंब टाकले. तलावाचे पाणी लगेच पिवळे झाले. डबक्यातले जसेच्या तसे पारदर्शक राहिले. ते हवेतल्या दमटपणाचे पाणी होते, एसीच्या नळीतून ठिबकते तसे. अशा पाण्याला गळती समजून यंत्र उघडायला लावण्यापूर्वी ही तपासणी जरूर करावी.

यंत्रासोबत आलेली पुस्तिका बर्फ पडणाऱ्या देशांसाठी लिहिलेली आहे. हिवाळ्यात यंत्र रिकामे करून बंद ठेवा, असे ती सांगते. आपला खरा वापर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच असतो आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उन्हानेच पुरेसे तापते. त्या काळात आम्ही बायपास व्हॉल्व्ह उघडून पाणी हीटरला वळसा घालून नेले, यंत्रातले पाणी काढून टाकले आणि जाळीच्या पत्र्यांत अडकलेली धूळ नळाच्या हलक्या धारेने धुतली. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते नाजूक पत्रे वाकतात आणि हवा अडते, म्हणून तो कटाक्षाने टाळला.

विजेच्या खर्चाविषयी सर्व जण विचारतात. हिवाळ्यात सोसायटीचे बिल निश्चितच वाढले, पण कॉइलच्या हीटरचा जो अंदाज आला होता, त्याच्या ही वाढ पाव भागही नव्हती. आता झाकणाचे बुडबुडे उन्हाने कडक होऊन काही ठिकाणी सुटू लागले आहेत. येत्या सभेत नवीन झाकण आणि ते गुंडाळण्यासाठी रोलर, असे दोन्ही खर्च मी मांडणार आहे. सध्याचे झाकण घडी घालून उन्हात ठेवावे लागते आणि त्यामुळेच ते लवकर खराब झाले, असे ऑपरेटरचेही म्हणणे आहे.